गिझर जुनाच, बाथरूम नवं

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घडलेलं हे प्रकरण. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं मात्र देत नाही. शहर नाशिक, महिना डिसेंबर, वार रविवार. सोळा वर्षांची मुलगी न्हायला गेली. वीस मिनिटं झाली तरी शॉवर चालूच. आईने दोनदा हाक मारली, ‘पुरे आता’ म्हणून. उत्तर नाही. मग बादली कलंडल्यासारखा आवाज आला आणि पुन्हा नुसतं पाणी.

वडिलांनी खांद्याने दार ढकललं. पीव्हीसीचं दार होतं, मधोमध वाकलं आणि कडी सुटली. मुलगी फरशीवर पडलेली, हातपाय झटके देत होते, डोळे उघडे पण ओळख नाही. दोघांनी उचलून तिला हॉलमध्ये आणलं, आजींनी खिडक्या उघडल्या, पंखा लावला. पाच-सात मिनिटांत ती बोलायला लागली. डोकं फुटतंय म्हणाली, उलटी झाली. खाली गाडी काढायला मीच धावलो होतो.

गॅसचा गिझर त्याच बाथरूममध्ये, नळाच्या वर भिंतीवर टांगलेला होता. त्या गडबडीत ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर अंबडच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात नोकरी करतो. टाकीत माणूस उतरवायच्या आधी आत गॅसमीटर सोडणं हे माझं रोजचं काम.

‘फीट आली असेल’

हॉस्पिटलमध्ये बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९८. रक्तदाब ठीक, साखर ठीक. झटके आले होते हे आईने सांगितलं, म्हणजे फीट. दाखल करून घेतलं, काही वेळ मास्कने ऑक्सिजन दिला. पुढच्या दोन दिवसांत ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी झाली, एमआरआय झाला. दोन्ही स्वच्छ. तरीही फीटच्या गोळ्या सुरू झाल्या.

या सगळ्या कागदांत तो ९८ चा आकडा सगळ्यात फसवा. साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून हिशेब करतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असो की कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गॅस नीट न जळल्याने तयार होणारा विषारी वायू, त्याला दोन्ही जवळपास सारखेच लाल दिसतात. आणि कार्बन मोनॉक्साइड तर ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रक्त लालबुंद, आकडा छान, आणि मेंदू उपाशी. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड थेट मोजणारी वेगळी तपासणी असते, पण ती वेळेवर करावी लागते. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास पुरतो. म्हणजे उपचार नीट झाला की पुरावाही तितक्याच लवकर पुसला जातो. इथे तेच झालं. ऑक्सिजन योग्यच दिला, पण कशासाठी दिला हे देणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

मुलीला फीट येते ही गोष्ट आपल्याकडे घरात कशी कुजबुजत राहते ते सांगायला नको. आजी तर तिला एकटीला गच्चीवरही जाऊ देईनात. आठवड्याभराने ते दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. त्या बाईंनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, झटके आले तेव्हा ती कुठे होती? दार बंद होतं का? गिझर गॅसचा की विजेचा?

बंद बाथरूम, गॅसचा गिझर आणि फीटसारखे झटके हे त्रिकूट आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या ओळखीचं आहे. वैद्यकीय नियतकालिकांत त्याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावही पडलंय. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत रंग धुवायला जाऊन बाथरूममध्येच दगावलेल्या जोडप्यांच्या ज्या बातम्या येतात, त्यांतही पुष्कळदा हेच असतं. रंग निघता निघत नाही, आंघोळ लांबते.

त्या संध्याकाळी मुलीचे बाबा माझ्याकडे आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “अहो, पण गिझर चांगल्या कंपनीचा आहे. नऊ वर्षं झाली, कधी तक्रार नाही.”

ते खोटं बोलत नव्हते. मी गिझर उघडून पाहिला. गॅस सोडणारी तोटी, म्हणजे जेट, एलपीजीचीच होती, बर्नर बऱ्यापैकी स्वच्छ. वरच्या तांब्याच्या पात्यांवर थोडी काजळी धरली होती, पण ती मला ताजी वाटली. पाठीमागे आयएस १५५५८ या भारतीय मानकाचा शिक्का. नऊ वर्षं जो गिझर सरळ चालला तो दहाव्या हिवाळ्यात एकाएकी कसा बिघडला, याचं उत्तर त्या पेटीत नव्हतंच.

दिवाळीतलं काम

हा गिझर घेतला तो भारनियमनाच्या दिवसांत. सकाळी वीज जायची, आंघोळी अडायच्या. गॅसच्या गिझरला वीज लागत नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने गॅस उघडतो, दोन सेलवर ठिणगी पडते, भडका होतो. सोबतच्या पुस्तिकेत ‘बंद जागेत बसवू नये’ असं छापलेलं होतं. बसवणाऱ्याने स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडून रबरी नळी आत घेतली आणि गिझर बाथरूममध्येच टांगला. पाइप वाचला, तासाभरात काम उरकलं. आमच्या इमारतीत बहुतेकांचे असेच लागले.

तरी नऊ वर्षं काही झालं नाही, कारण बाथरूम जुनं होतं. लाकडी दार पाण्याने कुजून खालून बोट-दीड बोट झिजलेलं. खिडकी काचेच्या आडव्या पट्ट्यांची, त्यातली एक पट्टी केव्हाची फुटलेली आणि कुणी बदललेली नाही. छत साडेनऊ फुटांवर. खालून हवा आत, वरच्या फुटक्या पट्टीतून वाफ आणि धूर बाहेर. कुणी ठरवून केलेली ही सोय नव्हती. घराच्या आळसाने केलेली होती.

दिवाळीच्या आधी त्यांनी बाथरूम नवं केलं. सामान ठेवायला सात फुटांवर माळा घेतला. काचेच्या पट्ट्या गेल्या, तिथे अॅल्युमिनियमची सरकती खिडकी आली आणि तिच्या अर्ध्या भागात एक्झॉस्ट पंखा बसला, मागे आपोआप मिटणाऱ्या पात्यांचा. लाकडी दाराच्या जागी पीव्हीसीचं दार आलं. मोरीतून झुरळं बाहेर येतात म्हणून वहिनींच्या, म्हणजे मुलीच्या आईच्या, सांगण्यावरून दाराखाली रबराची पट्टी मारली. यातलं एकही काम चुकीचं म्हणता येणार नाही. मी स्वतः ते बाथरूम बघून छान झालंय म्हणालो होतो.

चौथा बदल मला सगळ्यांत उशिरा सुचला, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा. शॉवर बसवला.

आधी या घरात सगळे बादलीने आंघोळ करायचे. दार उघडं ठेवून बादली भरायची, नळ बंद, मग आत जाऊन कडी. अठरा-वीस लिटरची बादली भरायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात. गिझर पेटता राहायचा तेवढाच वेळ, तोही दार उघडं असताना. शॉवर आला की माणूस आत, कडी लावलेली, आणि आंघोळ संपेपर्यंत ज्योत चालू. आजी आणि आई अजून बादलीच घेतात. वडील घाईत असतात, पाच मिनिटांत बाहेर. शॉवरखाली उभी राहून कमरेएवढे केस धुणारी घरात एकटीच, आणि रविवारी तिचा नंबर शेवटचा. तिलाच का, बाकीच्यांना का नाही, हा प्रश्न आजींना दोन आठवडे छळत होता. त्याचं उत्तर इतकं साधं निघालं.

खुणा आधीपासून होत्या. दिवाळीनंतरच्या प्रत्येक रविवारी न्हाऊन आल्यावर तिचं डोकं दुखायचं. ‘केस ओले ठेवतेस, सर्दी होणारच’ असं तिला ऐकवलं जायचं. वडिलांनाही एकदा दाढी-आंघोळ लांबली तेव्हा गरगरलं होतं. त्यांनी रक्तदाबाची गोळी बदलून घेतली.

कागदावर आणि मीटरवर

आता थोडा हिशेब. गिझर मिनिटाला सहा लिटरचा. डिसेंबरात टाकीतलं पाणी सतरा-अठरा अंशांवर असतं, अंगावर घ्यायला बेचाळीसच्या आसपास लागतं. म्हणजे पंचवीस अंश चढवायचे. त्याला साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता लागते, वाया जाणारी धरली तर बारा किलोवॉटचा जाळ. स्वयंपाकाच्या शेगडीचा मोठा बर्नर अडीच-तीन किलोवॉटचा असतो. चार मोठे बर्नर पूर्ण पेटवून, दार-खिडकी लावून त्या खोलीत बसायला कुणी तयार होईल का? गिझर पत्र्याच्या पेटीत असतो, ज्योत नजरेआड राहते, म्हणून भीती वाटत नाही.

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या शॉवरला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, म्हणजे पावणेदोन-दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपतो. बाथरूम सात बाय चार फूट, माळ्यामुळे उंची सात फूट. आत हवा किती, तर साडेपाच घनमीटर. माळा नसता तर साडेसात असती. खोली अगदी हवाबंद मानली तर चार मिनिटांत ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून अठरावर येतो. तिथून ज्योत बिघडायला लागते. निळी ज्योत सैल होते, पिवळी पडते, आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत चरचर नाही. गॅसगळतीचा जो वास आपण ओळखतो तो एलपीजीत मुद्दाम मिसळलेला असतो. जळून गेलेल्या गॅसला तो राहत नाही.

खरी खोली हवाबंद नसते, म्हणून कारखान्यातून परवानगी घेऊन मीटर आणला. ऑक्सिजन साडेएकोणीसच्या खाली गेला किंवा कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भागांच्या) वर गेला की तो ओरडतो. त्याला पंप आणि लांब नळी आहे. दार लावलं, कडीशेजारच्या भोकातून नळी आत सोडली, छातीच्या उंचीवर टांगली, शॉवर चालू केला आणि आम्ही बाहेर पॅसेजमध्ये उभे राहिलो. सातव्या मिनिटाला मीटर पहिल्यांदा ओरडला. दहाव्या मिनिटाला कार्बन मोनॉक्साइड दोनशेच्या पुढे गेला. तेराव्या मिनिटाला सहाशे ओलांडल्यावर मी गॅस बंद केला. आकडा तेव्हाही चढतच होता, आणि चढण्याचा वेग वाढत होता. कमी ऑक्सिजनने ज्योत बिघडते, बिघडलेली ज्योत तोच धूर पुन्हा ओढते, आणखी बिघडते. सोळाशे पीपीएममध्ये वीस मिनिटांत डोकं गरगरतं, मळमळतं. बत्तीसशेला तेच पाच-दहा मिनिटांत होतं. ती मुलगी त्या दिवशी बावीस मिनिटं आत होती.

दाराबाहेर उभ्या असलेल्या वहिनी एवढंच म्हणाल्या, “आणि आपण तिला वेळ लावतेस म्हणून ओरडत होतो.”

मग एकेक गोष्ट बदलून पुन्हा मोजलं, मधल्या वेळात खोली पूर्ण मोकळी करून. नुसती खिडकी अर्धी उघडली, दाराची पट्टी तशीच: आकडे सावकाश चढले, पण चढले. खिडकी बंद आणि पंखा चालू: तेच. खालून हवा यायलाच जागा नाही तर पंखा बाहेर काय फेकणार? मागच्या पातीही धड अर्ध्याच उघडत होत्या. दाराची रबरी पट्टी काढली आणि खिडकी उघडी ठेवली, तेव्हा कुठे वीस मिनिटांनंतरही मीटर गप्प राहिला. खाली एक वाट, वर एक वाट. एकाच वाटेने आत येणं आणि बाहेर जाणं दोन्ही होत नाही.

पंख्याबद्दल आणखी एक. ज्या गिझरला धुराडं आहे, त्याच्या खोलीत जोरदार एक्झॉस्ट लावला तर तो धुराड्यातला धूरच उलटा आत ओढू शकतो. आणि वीज गेली की पंखा थांबतो, सेलवरचा गिझर थांबत नाही.

वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय या गिझरला होती. मुलीच्या बाबांचा तिच्यावर फार भरवसा होता. पण नळ एकदा बंद करून पुन्हा सोडला की ती घड्याळं शून्यापासून मोजतात. खोलीतली हवा शून्यापासून सुरू होत नाही. मुलीने मध्ये शॅम्पू लावताना शॉवर बंद केला होता.

कुठे हलवायचा

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पट्टी काढायची, दाराला खाली जाळी बसवायची, खिडकीत कायमची फट ठेवायची. मी त्याला नाही म्हणालो. मोजमाप बरोबर आलं होतं तरीही. थंडीत ओल्या अंगावर झोत आला की माणूस पहिल्यांदा ती फट बंद करणार, पायपुसणं दाराला लावणार, खिडकी सरकवणार. कुडकुडणाऱ्या माणसाला हाताने बंद करता येते ती हवेची सोय मी धरत नाही. शिवाय ती खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या खालपासून वरपर्यंतच्या अरुंद पोकळीत उघडते. तळमजल्यावरच्यांच्या गिझरचा धूर त्याच डक्टमधून वर येतो.

बंद खोलीतच लावायचा असेल तर चालणारा एक प्रकार आहे. त्याची ज्योत पूर्ण बंद पेटीत असते, हवा बाहेरून पाइपने येते आणि धूरही पाइपने बाहेरच जातो. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये याखेरीज दुसरं गॅसचं उपकरण बसवताच येत नाही. पण तो महाग, आणि दुरुस्तीला माणूस कोण येणार हा प्रश्न होताच. माझं मत सरळ विजेच्या गिझरचं होतं. आजींनी ते मोडून काढलं. विजेच्या गिझरचं पाणी तिसऱ्या माणसाला गार येतं, म्हणाल्या. चार माणसांच्या घरात ते खोटंही नाही.

शेवटी ड्राय बाल्कनी ठरली. आणि तिथेही गंमत अशी की बाल्कनी आता बाल्कनी उरलीच नव्हती. धूळ येते म्हणून तिलाही सरकत्या काचा लावलेल्या. गिझर ‘बाहेर’ नेला असं म्हणून तो दुसऱ्या बंद पेटीत नेण्यात काय अर्थ? शिवाय स्वयंपाकघराची खिडकी त्या बाल्कनीतच उघडते. म्हणून दूरच्या टोकाचं एक पूर्ण तावदान काढून टाकलं, त्या जागी वरपासून खालपर्यंत पक्क्या तिरप्या पट्ट्या बसवल्या, मिटता न येणाऱ्या. गिझर त्यांना लागून. कबुतरांसाठी मोठ्या भोकांची जाळी लावली, मच्छरदाणीची नाही. बारीक जाळीत महिन्याभरात धूळ आणि कपड्यांचे धागे अडकून ती भिंतच होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाहेरून दिसायला वाईट दिसेल म्हणून हरकत घेतली. त्यांना मी मीटरचे आकडे दाखवले.

भिंतीतून गेलेली रबरी नळी काढून तांब्याचा पाइप टाकला, फक्त शेवटचा तुकडा सुरक्षा नळीचा. सिलिंडर मोरीच्या जाळीपासून लांब सरकवला, कारण न जळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि सरळ गटारात उतरतो. गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा, अकरा फूट, वर फोमचं वेष्टन. काम झाल्यावर मीटर आधी बाल्कनीत, मग स्वयंपाकघरात, मग बाथरूममध्ये फिरवला. तीन आंघोळी पाठोपाठ झाल्या, स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये शून्य. बाथरूमची कडी बदलून बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी लावली. दाराची रबरी पट्टी मात्र वहिनींनी तशीच ठेवली. आता ती ठेवायला माझी हरकत नव्हती.

आजींची एक तक्रार उरली. नळ सोडला की आधी गार पाणी येतं. पाइपात अर्धा लिटर पाणी मावतं, ते आधी निघून जावं लागतं. त्यांनी त्यासाठी तांब्या ठेवलाय.

मुलीच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवल्या. त्यानंतर तिला झटका आलेला नाही.

सेक्रेटरींनी मग मला बाकीची घरं बघायला सांगितली. गॅसचे गिझर आणखी चार ठिकाणी निघाले, चारही बाथरूममध्ये. तिघांनी ऐकलं. चौथ्या घरात कॉलेजची मुलं भाड्याने राहतात, तिथे खिडकीत थंडीसाठी थर्माकोल कापून बसवलेला होता. तो मी तिथल्या तिथे काढला आणि पुण्यात राहणाऱ्या घरमालकांना फोन लावला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, “बरं, पण गिझर कुठल्या कंपनीचा आहे?”